शेवटचं प्रकरण काही चढेना

तीर्थरूप मामांना,

भाचीचा खुर्चीतूनच नमस्कार. (वाकता येत नाही. दोन दिवस सर्व्हरच्या टेबलाशी वाकून काढलेत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी फिरायला नेतात, की अजून ‘उद्यापासून नक्की’ चाललंय? इकडे आम्ही मजेत. अंधांसाठीचं आपलं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालयही मजेत आहे, हे आज छातीठोकपणे लिहिते. गुरुवारी दुपारपर्यंत लिहिलं नसतं.

झालं असं, की आपले जुने श्रोते घड्याळवाले काका दूरच्या हॉस्पिटलात दाखल झाले. शुक्रवारी सकाळी हृदयाचं ऑपरेशन, आणि आई वाचत होती त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण बाकी. त्यांचा फोन आला, “भूल देण्याआधी ती बाई घरी परतते की नाही, एवढं कळू द्या. पुढचं कुणी पाहिलंय?” हसत म्हणाले, पण फोन ठेवल्यावर आई बराच वेळ स्वच्छ टेबल पुसत बसली. मी म्हटलं, फोनवरच सांगून टाक, परतते म्हणून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने माइक लावला.

आईने अख्खं प्रकरण एका बैठकीत वाचलं. दोन तास, एक जीबीच्या वर. आपल्या वेबसाइटवर फाईल स्वीकारणारी जी स्क्रिप्ट आहे, ती आठ एमबीच्या पुढे हात जोडते. आठ एमबीत आईचं घसा खाकरणं कसंबसं मावतं. तुम्ही वर्षानुवर्षं तिच्या रेकॉर्डिंगचे तुकडे करून, आवाज चेपून चढवत होतात. (हे तिला कळलं त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही.) मीही गुपचूप तेच करायचे, पण या वेळी ती शेजारी खुर्ची टाकून बसली. “तोडायचं नाही, चेपायचंही नाही.” झालं!

मग मी स्क्रिप्टच्या सेटिंग्ज उघडल्या. एका फाईलची मर्यादा वाढवली. चाळीस मिनिटं पट्टी सरकली, शंभर टक्के झाले, आणि उत्तर आलं, ‘फाईल फार मोठी आहे.’ (आधी सांगायला काय झालं होतं?) कळलं, की एका खेपेत एकूण किती पाठवायचं याची वेगळी मर्यादा असते. तीही वाढवली. सर्व्हरने किती वेळ वाट बघायची, ती मर्यादाही. डिस्क रिकामी केली. दर वेळी चाळीस मिनिटं आणि तेच उत्तर. शेवटी गुरुवारी एका कोपऱ्यात वाचलं, की सर्व्हर सेटिंग्ज वाचतो फक्त सुरू होताना. म्हणजे मी केलेलं सगळं पहिल्या तासापासून बरोबर होतं, पण त्याला एकदा बंद करून चालू करायला हवं होतं.

आणि ते आपल्याकडे कोण करणार? त्याच्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी आहे, ‘बंद करू नये’, खाली दोन रेघा. तुम्ही गेल्यापासून झाडूवाल्या बाईसुद्धा तिथे जपून केरसुणी फिरवतात. मी हात पुढे केला तर आई ओरडली, “खबरदार! त्याने लिहिलंय ना!” मग घड्याळाकडे पाहिलं, पदर खोचला, टेबलाखाली शिरली आणि स्वतः बटण दाबलं.

मामा, चढली हो फाईल! आई माझा खांदा धरून टक्के मोठ्याने मोजत होती. संध्याकाळी काकांचा फोन आला. “परतली,” एवढंच म्हणाले. आम्ही दोघी रडलो आणि मग खूप हसलो.

आपली,
भाची

ता. क. ऑपरेशन उत्तम झालं. महिनाभर पडून राहायचंय, म्हणून काकांना लगेच पुढचं पुस्तक हवंय.

ता. क. दुसरा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही आमचा फोन उचलत नाही, आणि तुम्ही बहीणभाऊ अकरा महिने बोललेला नाहीत.

ता. क. तिसरा. नवी कादंबरी बहीणभावाची आहे. पहिलं प्रकरण आईने कालच वाचलं. भावाचं बोलणं आलं, की ती ते वाचत नाही, तेवढा वेळ गप्प बसते आणि पुढे वाचू लागते. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे, “फाईल लहान व्हावी म्हणून.” आपल्या फाईलमध्ये गप्प बसायलाही बोलण्याइतकीच जागा लागते, मामा. तिला हे समजावून सांगायला तरी या.