दोन नंबरच्या खडकावरचा पाशा

३ मार्च
आजपासून मी राखीव किनाऱ्याचा निरीक्षक. सील समितीच्या बाईंनी, बिनूर हानमनी, दुर्बीण दिली, नोंदवही दिली. यंदाची पहिली सील ज्याला दिसेल त्याचं नाव समितीच्या फलकावर. माझंच लागणार. दुसरं आहे कोण? कोळी? ते अजून सीलला मासा म्हणतात. अख्ख्या फोचा गावात अक्कल शोधायची तर दुर्बीणच लागेल.
संकल्प: रोज पहाटे साडेसहाला कड्यावर हजर.

४ मार्च
वारा होता. संकल्प उद्यापासून.

५ मार्च, सकाळी ९
उशीर झाला. चूक नेजलाची, चहाला वेळ लावला. वर म्हणते, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. बायकोला काय कळतं? जमीन नोंदणीच्या कचेरीत तीस वर्षं मुंगीएवढी अक्षरं वाचली आहेत मी.

८ मार्च
सील नाही. चहाखान्यात मेहुणा भेटला. रुश्तू. निवृत्त कोळी, टकल्या, ढेरपोट्या, दिवसभर फासे टाकत बसतो. म्हणे, सीलला शोधायला जायचं नसतं दाजी, गप्प बसायचं, तीच येते. चाळीस वर्षं जाळी टाकून एवढंच ज्ञान! जाळी फाडतात म्हणून सीलांना शिव्या घालण्यात हयात गेली याची.

११ मार्च, सकाळी ६.४०
दिसला!! दोन नंबरच्या खडकाशी. काळंभोर गुळगुळीत डोकं, भरघोस मिशा. नाकातून फुस्सकन पाणी उडवलं. वीस मिनिटं पाण्यात, मग खडकाआड. प्रौढ नर. नाव ठेवलं पाशा.

१५ मार्च
पाशा रोज येतो, ठरल्या वेळी. काय रुबाब! उताणा तरंगतो तेव्हा त्याच्या पोटालासुद्धा एक प्रतिष्ठा असते. रुश्तूच्या पोटाला नाही. नेजलाला म्हटलं, तुझ्या भावाने या जनावराकडून काही शिकावं. तर म्हणे, तो हल्ली पहाटे पोहायला जातो, कंबरेसाठी. साफ खोटं. तो आळशी पहाटे उठला तर मी मिशी उतरवीन, असं तिला ठणकावून सांगितलं.

२२ मार्च
उद्या समितीच्या सभागृहात माझं व्याख्यान. चोवीस फोटो. थोडे धूसर आहेत, पण कलात्मक. बिनूर हानम म्हणाल्या, आधी पाठवा, तपासून घेते. पाठवले नाहीत. माझा शब्द असताना तपासायचं काय?

२३ मार्च
सभागृह भरलं होतं. तिसऱ्या फोटोला हशा. अडाणी लोक. पाचव्याला रुश्तू उठला, खिशातून काळी रबरी टोपी काढून डोक्यावर चढवली आणि नाकातून फुस्स केलं. बिनूर हानम टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.
घरी नेजलाने वस्तरा पुढे ठेवला.
उतरवली.

२४ मार्च
लाज वाटली. मनापासून. बाहेर पडलो नाही.

२७ मार्च
या गावाची सील बघायची लायकीच नाही. राजीनामा लिहिला. धक्क्यावर जाऊन बसलो, तोही समुद्राकडे पाठ करून. मुद्दाम. चहा मागवला. थोड्या वेळाने समोर माणसं जमली, सगळी माझ्याकडे बघत गप्प. रुश्तू दबक्या आवाजात म्हणतो, दाजी, हलू नका, फक्त मान हळूच मागे वळवा. पुन्हा तीच टिंगल! म्हटलं, एकदा फसलो, आता नाही. नाही बघितलं म्हणजे नाही बघितलं. दोन चहा संपवले आणि सरळ नाकासमोर चालत घरी आलो. चांगली जिरवली सगळ्यांची.

२९ मार्च
समितीच्या फलकावर यंदाची पहिली नोंद लागली. फोटो लख्ख आहे. धक्क्यावर पसरून झोपलेली मादी, लांबी अडीच मीटर. निरीक्षक: रुश्तू. खाली बिनूर हानमच्या हस्ताक्षरात: आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी दोन हात अंतरावर बसलेला बिनमिशीचा इसम पाहावा.