नलिनीबाईंची वाटी

नाहूर, ८ जानेवारी २०२५

ती. मृणालिनीआत्यास, गार्गीचा शि. सा. न.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. बी.एड.च्या इंटर्नशिपला तुझीच जुनी शाळा मिळालीय, आणि शिकवायचं राहिलं बाजूला, मला दिलीय पोषण आहाराची ड्यूटी. डाळ-तांदूळ काढून द्यायचे, खिचडी झाली की आधी आपण चव घ्यायची, अर्धा तास थांबायचं, मगच मुलांना वाढायचं.

स्वयंपाकाच्या अंजनाबाई एक वाटी कोठीच्या खिडकीत ठेवतात आणि दार ओढून घेतात. नलिनीबाईंसाठी, म्हणे. वाटी रिकामी झाली की वाढायचं. आणि ती रोज रिकामी होते यार. मांजर म्हणावं, तर खिडकीला जाळी आहे. तू ओळखायचीस का गं त्यांना?

तुझ्या लाडवांवर डोळा ठेवून असलेली,
गार्गी

बोरीवली, ११ जानेवारी

चि. गार्गीस अ. उ. आशीर्वाद.

आत्याला यार म्हणतेस, कमाल आहे तुझी. नलिनी माझ्या शेजारच्या वर्गावर होती. एकदा तिने चव घेतली आणि सगळं पातेलं मोरीत ओतायला लावलं. मुलं वाचली, ती वाचली नाही. तेव्हापासून अंजना वाटी ठेवते, हे मला ठाऊक होतं. पण ती रिकामी होते, हे आज कळलं आणि अंगावर काटा आला.

वाटी कधी भरलेली राहिली, तर मुलांना वाढू नकोस. माझी शपथ आहे तुला. आणि चव चमचाभरच घेत जा, खादाड आहेस.

रागावलीस तरी चालेल, पण ऐक.
आत्या

नाहूर, २० जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न.

आज वाटी भरलेलीच राहिली. मला तर खिचडी झकास लागली होती. मुख्याध्यापक म्हणाले, मुकाट्याने वाढा, नाहीतर प्रमाणपत्रावर सही करणार नाही. त्यांना मी काय कारण सांगणार होते? शेवटी पातेलं ओतून दिलं. मुलांना बिस्किटं वाटली. पहिलीतली एक चिमुरडी भूक लागली म्हणून रडत होती, तिच्याकडे बघवेना.

माझ्या वर्षाची वाट लागली. बाबांना तूच सांग. दुपारपासून पोटात ढवळतंय, भीतीनेच असेल.

तुझ्या मायेवर विसंबून,
गार्गी

मुलुंड, २२ जानेवारी

चि. गार्गीस अ. उ. आशीर्वाद.

आयसीयूत मला सोडत नाहीत, म्हणून सिस्टरकडे ही चिठ्ठी देतेय. विषबाधाच आहे, असं डॉक्टर म्हणाले. मुलं सगळी सुखरूप आहेत. मुख्याध्यापक बाहेर बाकावर बसलेत, माझ्याकडे बघत नाहीत.

सकाळी शाळेत गेले होते. स्वयंपाक बंद आहे, तरी अंजनाने घरून खिचडी आणलेली. खिडकीत दोन वाट्या होत्या. दुसरी तुझ्या नावाची. मी तिच्यावर ओरडले, पोर जिवंत आहे अजून. ती म्हणाली, बाई, तेच बघायला ठेवलीय.

मग दार ओढून आम्ही दोघी बाहेर बसलो. अर्धा तास झाला तरी मला उठवेना, दार तिनेच उघडलं. नलिनीची वाटी रिकामी होती. तुझी जशीच्या तशी भरलेली. ती हातात धरून मी ढसाढसा रडले.

लाडवांचा डबा घेऊन खालीच बसलेय. भूक लागली की मलाच हाक मार, बाळा. दुसरं कुणी वाढलं तर जेवू नकोस.

तुझी,
आत्या