वच्छलाची टोपली

धरमपेठ, नागपूर
पौष, १९३८

खापा गावी आपल्या चरणी भागीरथीचा नमस्कार.

इंदू आणि बाळ सुखरूप आहेत. बाळ अगदी आपल्यासारखे भुवया आक्रसून झोपते. आपला खोकला कसा आहे?

आपण लिहिले, की धाकट्या जाऊबाईंची, वच्छलाची, कागदाच्या लगद्याची टोपली माझ्या टोपलीसारखी तडकत नाही. वाचून मला जेवण गेले नाही. लगद्यात मेथीचे पीठ घातले की कीड लागत नाही, माती घातली की आकार धरतो, आणि माती जास्त झाली की तडा जातो. हे मीच वच्छलाला शिकवले. तिने वर पिंजलेला कापूस घातला, म्हणून तिची टोपली चिवट झाली.

मीही इथे कापूस घालून पाहिला. लगदा बदडताना इंदू हसली, "आई, काकूवरचा राग लगद्यावर काहून काढून राहिली वं?"

माझीही टोपली वाळून चिवट झाली. पण तिला चांगली म्हणणारे माणूस खाप्यात आहे.

बाळंतिणीजवळ सव्वा महिना राहा, असे आपण म्हणता. इंदूच्या सासूबाई यात्रेहून परतल्या आहेत, त्या सांभाळतील. मी गुरुवारी येते. तोवर धान्य माझ्याच तडकलेल्या टोपलीत राहू द्यावे.

आपलीच,
भागीरथी