नळाला हात लावताना

९ जानेवारी

आज पुन्हा बसला! नळ धरला आणि कोपरापर्यंत झणका गेला. मग हातातून सुटला. ओरडले, तर ह्याने बाहेरून विचारलं, "काय झालं?" — "शॉक बसला!" — "कुठे?" कुठे म्हणजे? बाथरूममध्ये काय विजेचा खांब आहे? नळाला!

टॉवेल गुंडाळून बाहेर आले. हा आत गेला, गीझर बंद केला, नळ धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग हसला. "बघ. काही नाही." सासूबाई पेपरातून मान वर न करता म्हणाल्या, "मला नाही बाई बसला कधी. तुझ्या आधी मीच तर करते आंघोळ." झालं. दोघे एकीकडे, मी एकीकडे.

आणि समोर कोण? दुरुस्ती-दादा! यूट्यूबवर ह्याचं हेच नाव. सगळं जग ह्यालाच विचारतं — दादा, फ्लश गळतो. दादा, पंखा आवाज करतो. दादा, स्विच गरम होतो. हा सांगतो आणि मी फोन धरून शूटिंग करते. रविवारी एक व्हिडिओ, ठरलेला. डिसेंबरात आमचा मीटरजवळचा सेफ्टी स्विच सारखा पडायचा, अख्खं घर बंद व्हायचं. तोही ह्यानेच ठीक केला. "वायरमन कशाला? लोकांनी बघितलं तर हसतील." खरंच, त्यानंतर एकदाही पडला नाही. एवढा जाणकार माणूस म्हणतो करंट नाही, तर नसेल.

पण मग हात अजून का झणझणतोय?

१३ जानेवारी

परत. ह्या वेळी कोणाला सांगितलं नाही.

१६ जानेवारी

न सांगून भागलं नाही. चेहऱ्यावर दिसलं असावं. हा म्हणाला, "अगं, मनात एकदा भीती बसली ना, की गार पाणी लागलं तरी शॉक वाटतो." गोड आवाजात म्हणाला. व्हिडिओत म्हातारी माणसं प्रश्न विचारतात तेव्हा काढतो तो आवाज.

मी म्हटलं, पाणी गरम होतं.

"तेच ते," म्हणाला.

आता नळ उघडताना हाताला नॅपकिन गुंडाळते. सासूबाईंनी पाहिलं. हसल्या नाहीत, पण संध्याकाळी फोनवर नणंदेला काहीतरी सांगत होत्या आणि मी आल्यावर विषय बदलला. मी काय वेडी होत चालले आहे?

२१ जानेवारी

डॉक्टरकडे गेलो. ह्याने चक्क अर्धी रजा टाकली. स्वतःचा ताप असता तर टाकली नसती.

डॉक्टरांनी मला विचारलं आणि उत्तर ह्याने दिलं. "हिला हाताला मुंग्या येतात." मी म्हटलं, मुंग्या नाही, शॉक बसल्यासारखं होतं. "म्हणजे मुंग्याच," हा म्हणाला. डॉक्टरांनी कागदावर मुंग्या लिहिलं. मान वळवायला लावली, मुठी आवळायला लावल्या, टाचणी टोचली. नसांचं असू शकतं म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. फरक नाही पडला तर नसांची तपासणी करू.

परत येताना रस्ता ओलांडताना ह्याने माझा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी धरायचा तसा. मला भरून आलं. वाटलं, विश्वास ठेवत नसेल, पण काळजी तर करतो! माणसाला सगळं कुठे मिळतं?

३० जानेवारी

आजचा दिवस लिहू नये असं वाटतंय, पण लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

मी काम करते त्या लॅबमधल्या मॅडमना मीच जाऊन सांगितलं. सांगायलाच हवं होतं. रक्त काढणारीच्या हाताच्या नसा बिघडत असतील तर सुई कोणाच्या हातात कशी जाईल कोण जाणे. मॅडम चांगल्या आहेत. म्हणाल्या, "तपासणी होईपर्यंत काउंटरवर बस. नळ्यांवर नावं चिकटव." माझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसली. तिला शीर सापडत नव्हती. मला तिथून दिसत होती ती शीर!

त्यात छत्रीवाले आजोबा आले. उन्हातसुद्धा छत्री घेऊन येतात, साखर तपासायला. सरळ माझ्यासमोर बाही वर केली. "तुम्हीच काढा. तुमचा हात हलका आहे, कळतसुद्धा नाही." मी म्हटलं, आज नाही आजोबा. ते म्हणाले, "का? रुसलात?"

टॉयलेटमध्ये जाऊन रडले. एवढी वर्षं ह्या हातांनी लहान बाळांचं रक्त काढलं मी. कोणाला दुसऱ्यांदा टोचलं असेल तर शपथ! आणि आता आपलेच हात आपले वाटत नाहीत. नळासमोर उभी राहिले की नळावर भरवसा नाही, आणि नळ सोडला तर हातावर नाही.

ह्याला सांगितलं. म्हणाला, "बरं झालं, तेवढीच विश्रांती."

४ फेब्रुवारी

रविवार. व्हिडिओ. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

कोणा एका बाईचा मेसेज आला होता. हा मोठ्याने वाचून दाखवत होता. "दादा, आमच्या बाथरूमच्या नळाला करंट येतो. घरातले म्हणतात भास आहे. काय करू?" मी भाजी चिरत होते. हातातली सुरी थांबली. ह्याच्या चेहऱ्यावर काही नाही! "छान विषय आहे. ह्या आठवड्यात हाच घेऊ."

हॉलमध्ये स्टुलावर बादली, सुटा नळ, टेस्टर, थ्री-पिन प्लग मांडला. मी फोन धरला. हा कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "ताई, आधी एक लक्षात घ्या. हा भास नाही. शॉक बसला म्हणजे बसला. तुमच्या शरीरावर विश्वास ठेवा."

तुमच्या शरीरावर विश्वास ठेवा!

फोन हलला माझ्या हातात. "नीट धर ना. हलतंय." पुन्हा घेतलं. पुन्हा तेच वाक्य, तोच गोड आवाज. पुढे म्हणाला, पायात रबरी काहीतरी घाला, नळाला टेस्टरचं टोक लावा, टेस्टरचा दिवा लागला तर करंट आहे. मग गीझर बंद करा, प्लग काढा, स्क्रू उघडा, हिरवी वायर जागेवर आहे का पाहा. हिरवी म्हणजे अर्थिंगची — सुटलेला करंट जमिनीत नेऊन सोडते. ती नसेल तर तो तुमच्यातून जातो. "ह्यात हयगय नको, ताई. जिवाशी खेळ आहे."

शेवटी नेहमीची टीप. टेप गुंडाळून झाली की टोक आत दुमडून चिमटीएवढा कान ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी सोलायला सोपं. ह्या एका टिपेवर किती लोक खूश असतात!

त्या अनोळखी बाईवर विश्वास ठेवायला ह्याला क्षणभरही लागला नाही. मला डॉक्टरकडे नेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तरी व्हिडिओ कापून, जोडून, नीट करून दिला. अंगवळणी पडलंय.

५ फेब्रुवारी

हा कामावर गेला. सासूबाई शेजारी गेल्या. मी आजारी आहे म्हणून लॅबला कळवलं — पहिल्यांदा खोटं बोलले.

गीझर लावला. ह्याच्या पेटीतला टेस्टर घेतला. रबरी सपाता. फोनवर ह्याचाच व्हिडिओ लावून बेसिनवर उभा केला. एक-एक करत गेले. नळाला टोक लावलं.

दिवा लागला.

काय वाटलं सांगू? आनंद! आधी आनंदच झाला. मोठ्याने म्हणाले, "आहे! आहे करंट!" रिकाम्या घरात नाचायचीच बाकी होते. माझे हात चांगले आहेत! नसा चांगल्या आहेत! मी वेडी नाही!

मग गीझर बंद केला, प्लग काढला, उघडला. हिरवी वायर होती, पण पिनेला नव्हती. मागे वळवून ठेवलेली होती, टोकाला काळी टेप. आणि टेपेला चिमटीएवढा कान. दुमडलेला.

किती वेळ बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते कोण जाणे. सासूबाईंनी येऊन विचारलं, "बरं नाही का गं?" तेव्हा उठले.

संध्याकाळ

हा आला. बाथरूममध्ये नेलं, उघडा प्लग तसाच लोंबत होता. बघून म्हणाला, "कोणीतरी वायरमनने घाण करून ठेवली असणार." मी टेपेचा कान दाखवला.

खाली बसला. खरंच बसला, जमिनीवर. "विसरलो गं. देवाशपथ विसरलो!" म्हणाला, डिसेंबरात स्विच का पडतोय ते सापडत नव्हतं. गीझरची हिरवी वायर काढून बघितली, तर पडायचा थांबला. गळका करंट त्या वायरीतून जमिनीत गेला की स्विच पडतो, म्हणजे गळती गीझरमध्येच. एका दिवसाकरता काढून ठेवली, गीझर बदलायचा होता. मग राहूनच गेलं.

"राहून गेलं? मी ओरडत बाहेर आले तेव्हाही आठवलं नाही?"

"नाही."

"डॉक्टरकडे?"

"नाही गं."

"काल व्हिडिओत? तोंडाने हिरवी वायर म्हणत होतास!"

"डोक्यातच आलं नाही. आपल्या घराचं डोक्यात येतच नाही माझ्या."

"मग स्वतः गीझर बंद करून का जातोस आंघोळीला?"

"वीज वाचते म्हणून! पहिल्यापासून जातो!" हे खरं आहे. पहिल्यापासून जातो.

रडला. ह्याला रडताना मी सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज. मी नाही रडले. माझी खुर्ची गेली, माझी झोप गेली, गोळ्या गिळत होते, आणि कारण काय, तर राहून गेलं! अंगाचा नुसता जाळ झाला होता. जेवले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

७ फेब्रुवारी

नवा गीझर लागला. वायरमन आला होता! ह्याने त्याला मागच्या जिन्याने यायला सांगितलं, कोणी बघू नये म्हणून. त्याने जुना उघडून दाखवला, आतली कॉइल फुटलेली. हिरवी वायर जागेवर लावली. मी स्वतः टेस्टर लावून पाहिला. ह्याच्यासमोर. हा खाली बघत उभा होता.

सासूबाई म्हणाल्या, "माणूस आहे, विसरतो. तुझे सासरे एकदा मलाच स्टेशनवर विसरून आले होते." मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

९ फेब्रुवारी

गोळ्या बंद. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी डोक्याला हात लावला, मग म्हणाल्या, "जा, बस खुर्चीवर."

छत्रीवाले आजोबा नव्हते, पण एक धष्टपुष्ट माणूस होता, सुई बघूनच घाम फुटलेला. "झालं," म्हटलं तर म्हणाला, "कधी?" दिवसभर तरंगत होते.

येताना विचार केला. किती दिवस तोंड फिरवून बसायचं? विसरणं वेगळं आणि फसवणं वेगळं. ह्याने माझ्याकडे लक्ष दिलं नाही, हे खरं. जगाचे नळ दिसले आणि घरचा दिसला नाही, हेही खरं. त्याचा राग आहे आणि राहील. पण त्याने जाणूनबुजून तर काही केलं नाही ना? विसरलेल्या माणसाला शिक्षा तरी काय करणार!

ह्याच्याशी बोलले आज. नीट बोलले. ह्याने इतका मोठा श्वास सोडला की सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं.

११ फेब्रुवारी

सासूबाई आंघोळ करून आल्या, केस पुसत म्हणाल्या, "बरं वाटलं बाई अनवाणी. डिसेंबरपासून ह्याचं टुमणं — आई, रबरी चपला घातल्याशिवाय नळाला हात लावू नकोस, घसरशील. रोज सकाळी दाराबाहेर उभा राहून विचारायचा, घातल्यास का. नवा गीझर लागला त्या दिवशी म्हणाला, आता राहू दे चपला."

मग पाय पुसता पुसता म्हणाल्या, "गीझर बदलला म्हणून घसरायचं कसं गं थांबलं? फरशी तर तीच आहे."

मी म्हटलं, हो, तीच आहे.

विसरला नव्हता. रोज सकाळी त्याला आठवत होतं.