नकाराचा रकाना

लिहून ठेवणार : मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त परिचारिका, राहणार दोन वस्त्यांमधल्या चढावरचे हिरव्या दाराचे घर. कागदोपत्री नाव सहीत आहेच, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही. सगळे मला सुईबाई म्हणतात. या दोन वस्त्यांतल्या विशी ते चाळिशीच्या बहुतेक माणसांना पहिल्यांदा मीच रडवले आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही असे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वतःच्या राजीखुशीने मी हे लिहीत आहे. यापूर्वी एकदा रागाच्या भरात मृत्युपत्र लिहिले होते, ते फाडून टाकले आहे. कोणाला त्याचे तुकडे सापडलेच, तर ते रद्द समजावेत.

कलम १. घर माझ्या मुलीचे. ते माझ्या यजमानांनी आणि मी आमच्या कमाईतून बांधले. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. अट एकच, मागची खोली केंद्रावर जी नर्स असेल तिला राहायला द्यावी. नर्स जवळ राहिली की केंद्र वेळेवर उघडते, हे मी अनुभवाने सांगते. बँकेत जे आहे तेही मुलीचेच. किती आहे ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद जावईही वाचतील.

कलम २. शिलाई मशीन. हे माझ्या नणंदेकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेले त्याला एकवीस वर्षे झाली. मी दर भेटीत विचारले आणि तिने दर भेटीत "अगं, आणतेच की!" म्हटले. आता ते कायदेशीररीत्या तिला देत आहे. यापुढे तिने आणू नये. आणले तर मुलीने घेऊ नये.

कलम ३. यजमानांची सुतारकामाची पेटी. रंधे, पटाश्या, करवती, सगळी हत्यारे तेल लावून ठेवली आहेत. ती सूतगिरणीत काम करणाऱ्या बाईंच्या मुलाला द्यावीत. तो आता तिशीचा आहे, स्वतः उत्तम सुतार आहे. त्यालाच का, हे सांगायला मला जरा मागे जावे लागेल. वकिलाने सांगितले होते, "बाई, मृत्युपत्रात गोष्टी लिहायच्या नसतात." वकिलाला त्याच्या लहानपणी मी तीनदा टोचले आहे, त्यामुळे तो फार जोर देऊन बोलला नाही.

तेहेतीस वर्षांपूर्वी इथे गोवराची साथ आली. त्या वेळी आमच्या केंद्रात लस महिन्यातून एकाच मंगळवारी मिळे, सकाळी दहा ते बारा. फ्रीज कायम बिघडलेला, म्हणून लस मोठ्या दवाखान्यातून बर्फाच्या पेटीत येई आणि बाराला उरलेली परत जाई. खालच्या वस्तीतल्या बायका सकाळी सातला गिरणीत जात, चारला सुटत. वरच्या वस्तीतल्या बायका मातीची भांडी भाजायच्या भट्ट्यांवर. भट्टी पेटली की हलता येत नसे. बारा वाजले की मी वही उघडायची. वहीत शेवटचा रकाना होता : न आल्याचे कारण. खाली छापलेले पर्याय तीन. आजारी, परगावी, नकार. माझ्या वहीत नकारच नकार भरले होते, कारण चौथा पर्याय छापलेला नव्हता आणि तो हाताने लिहायचे धाडस माझ्यात नव्हते.

साथीत गिरणीतल्या त्या बाईंची दोन वर्षांची मुलगी गेली. तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'नकार' लिहिलेले होते.

चौथ्या दिवशी खालच्या वस्तीचे धर्मगुरू माझ्या दारात आले. त्यांना सगळे बुलंद गुरुजी म्हणतात, कारण त्यांच्या प्रार्थनाघराला भोंगा लागत नाही. त्या दिवशी मात्र ते हळू आवाजात बोलले.

"बाई, वही दाखवा."

"सरकारी वही आहे. दाखवता येत नाही."

"मग वाचून दाखवा."

मी वाचून दाखवले. ते उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "तिची आई दोनदा आली होती. गिरणी सुटल्यावर, पोरीला कडेवर घेऊन, धावत. दोन्ही वेळा केंद्राला कुलूप. याला नकार म्हणतात?"

मी वही मिटली. मग ते म्हणाले, "एकट्या तुम्हालाच बोलत नाही. मीही लोकांना सांगितलं होतं, लसीची घाई करू नका, आधी बघू. काय बघायचं होतं मला, कोण जाणे."

यजमानांनी पाणी आणून दिले. ते पिऊन गुरुजी म्हणाले, "सरकारकडे जाऊ. पण एकटा गेलो तर म्हणतील, खालच्या वस्तीचं गाऱ्हाणं आहे. वरच्यांनाही घ्यायला हवं."

वरच्या वस्तीचे धर्मगुरू म्हणजे मौनी गुरुजी. दिवसाला दहा वाक्ये बोलले तर त्यांना दमल्यासारखे होई. दोन्ही गुरूंचे एका सामाईक भिंतीवरून अकरा वर्षे बोलणे बंद होते. एक बोलत नव्हते रागाने, दुसरे स्वभावाने. त्यामुळे भांडण मिटले तरी कोणाला कळले नसते. निरोप घेऊन मीच चढ चढले. सगळे ऐकून मौनी गुरुजींनी चपला घातल्या आणि माझ्यापुढे उतरायला लागले. भिंतीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत ते दोघे नऊ दिवस एका बाकावर बसले. मागण्या तीन : लस दर आठवड्याला यावी, केंद्र संध्याकाळी उघडे असावे, आणि केंद्राला चालू स्थितीतला फ्रीज मिळावा. दोन्ही वस्त्यांची माणसे पाळी लावून बाहेर उभी राहत. कचेरीतले लोक येता-जाता वाकून नमस्कार करत. एका कारकुनाने मौनी गुरुजींना हळूच विचारले, "गुरुजी, बढती अडकली आहे, आशीर्वाद द्या."

गुरुजी म्हणाले, "आधी फ्रीज."

नऊ दिवसांत ते कचेरीत एवढेच बोलले.

दहाव्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना आत बोलावले. मीही होते, वही घेऊन, सर्वांत मागे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझीच वही उघडली आणि गुरुजींपुढे सरकवली. "फ्रीज देऊन काय करू? तुमचेच लोक नको म्हणतात. हे पाहा, पानोपान नकार. आधी तुमच्या लोकांना समजवा."

बुलंद गुरुजींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझे नाव त्यांना सहज घेता आले असते. त्यांनी घेतले नाही, म्हणूनच मला उभे राहावे लागले.

"साहेब, तो नकार लोकांचा नाही. माझा आहे. लोक आले तेव्हा केंद्र बंद होतं. ते लिहायला जागा नव्हती, म्हणून मी हे लिहिलं."

"किती वर्षं?"

"सहा."

"याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

"आता कळला, साहेब."

त्या दिवशी त्यांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एक फ्रीज आणि संध्याकाळच्या वेळेची मंजुरी, दुसरा माझ्यावरचा ठपका. दोन्हींवर एकाच पेनाची शाई आहे.

फ्रीज आला तरी सगळे लोक लगेच आले नाहीत. काही जण खरोखरच घाबरत होते. तेव्हा दोन्ही गुरूंनी आपापल्या जागा बदलल्या. बुलंद गुरुजी वरच्या प्रार्थनाघरात पाऊण तास बोलले. मौनी गुरुजी खालच्या प्रार्थनाघरात उभे राहिले आणि म्हणाले, "मी गप्प बसलो, ते चुकलं. माझी नात उद्या पाच वाजता केंद्रावर येईल. तुम्हीही या." दुसऱ्या दिवशी रांग चढाच्या वळणापर्यंत गेली होती. त्या संध्याकाळी हात भरून आला तरी मी थांबले नाही.

दोन वर्षांनी गिरणीतल्या बाईंना मुलगा झाला. त्या त्याला घेऊन माझ्याकडेच आल्या. दुसऱ्या नर्सकडे जा, असे मी म्हणणार होते, पण त्यांनी बाळ सरळ माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "नीट टोचा, बाई. वळवळ्या आहे." याहून जास्त आमच्यात कधी बोलणे झाले नाही, आणि मला वाटते लागलेही नाही. म्हणून पेटी त्याला.

कलम ४. ठपक्याचा कागद. तो कपाटात कापडी पिशवीत आहे. मुलीने फेकू नये. त्यामुळे माझी वेतनवाढ अडली होती आणि यजमान म्हणाले होते, "असू दे, तुझ्या नोकरीतला हाच एक कागद खरा आहे." नातीला नोकरी लागेल तेव्हा तिला वाचायला द्यावा.

कलम ५. लसीची निळी पेटी. कडी तुटली म्हणून सरकारने ती भंगारात काढली, मी रीतसर विकत घेतली. ती केंद्रावरच्या नव्या नर्सला. तिला ठाऊक आहे, तरी लिहिते : शेवटच्या रकान्यात आता रिकामी जागा असते. तिथे जे घडले ते लिहावे.

कलम ६. ओसरीवरचा लाकडी बाक बुलंद गुरुजींना. वय त्र्याऐंशी, आवाज अजून तसाच. रोज सकाळी येऊन बसतात आणि माझ्या तब्येतीची चौकशी सगळ्या चढाला ऐकू जाईल अशी करतात. मौनी गुरुजी सहा वर्षांपूर्वी गेले. नाहीतर अर्धा बाक त्यांचा होता. बाक आपल्या घरी न्यायचा की इथेच येऊन बसायचे, हे गुरुजींनी ठरवावे. मुलीने त्यांना चहा द्यावा, साखर कमी.

कलम ७. त्या साहेबांना मी काही ठेवत नाही. राग म्हणून नव्हे. दोघेही निवृत्त झाल्यावर ते एकदा भेटले आणि म्हणाले, "तुम्ही उभ्या राहिला नसतात तर मी फाईल बंद करणार होतो." मी म्हटले, "ठाऊक आहे." दोघेही हसलो. हिशेब तिथेच मिटला.

कलम ८. माझ्यामागे कोणी फार दिवस रडू नये. मी पुष्कळांना रडवले आणि लगेच गप्पही केले. ते काम मला चांगले जमले. याची अंमलबजावणी माझी मुलगी करील. तिचे आणि जावयांचे मतभेद झाल्यास मुलीचे म्हणणे ग्राह्य धरावे. झाले नाहीत तरीही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले असून वाचून पाहिले आहे. सही नेहमीपेक्षा वाकडी आली आहे, त्यावरून कोणी शंका घेऊ नये. मी डावखुरी आहे, आणि सहीच्या पाच मिनिटे आधी नव्या नर्सने मला म्हाताऱ्या माणसांची फ्लूची लस न विचारता डाव्याच दंडात टोचली. टोचली छान.

सही : (सुईबाई)

आम्ही खाली सही करणारे सांगतो की बाईंनी आमच्या देखत सही केली, त्या पूर्ण शुद्धीवर व खुशीत होत्या, आणि आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सुई टोचताना बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, हेही आम्ही समक्ष पाहिले. हे लिहू नका असे त्या म्हणाल्या. परंतु घडले ते लिहिले आहे.

साक्षीदार १ : सही (केंद्राच्या डॉक्टरीणबाई)
साक्षीदार २ : सही (शेजारचे बेकरीवाले)

ठिकाण : आरोग्य केंद्र, पुढची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेपाच, केंद्र चालू असताना