ऋजुताने सांगितलेली भीती

नॉटिंगहॅम,
१२ मार्च २००४

सौ. कुमुदिनीस सप्रेम आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, मफलर घालतो. तुझा गुडघा कसा आहे?

काल सूनबाई ऋजुता मला लायब्ररीतल्या वर्कशॉपला घेऊन गेली. घरातल्या माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवावा, असा विषय होता. तिथल्या बाईंनी आम्हां दोघांना समोरासमोर बसवलं आणि मनातली एकेक भीती सांगायला लावली. शाळेत कविता म्हणायला उभं करायचे, तसा मी बावरलो. माझी भीती बाथटबची. ऋजुता हसली.

मग हळूच म्हणाली, "बाबा, मला तुमच्या पत्रांची भीती वाटते."

दिवाळीत मी तुला गंमत म्हणून लिहिलं होतं, की ऋजुता रविवारची भाजी बुधवारी वाढते. तू फोनवर तिला सुनावलंस म्हणे, "आमच्याकडे शिळं गाईला घालतात." तेव्हापासून मी लिहायला बसलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. चार महिने, कुमुद. आणि मी समजत होतो, मी ओळी गुणगुणत लिहितो म्हणून पोर मला निवांतपणा देते.

तुला बोल लावत नाही. लिहिणारा मीच.

हे पाकीट न चिकटवता तिच्याच हाती देतो आहे. वाचून तीच पोस्टात टाकेल. उत्तर मला नको. तिच्या नावाने लिही, आणि पाकिटावरही तिचंच नाव घाल.

तुझाच,
त्र्यंबक