साहेब, शिपाई आणि मधली फळी

मी, खाली सही करणार, धंद्याने सुतार, वयाने म्हातारा, एका कानाने बहिरा पण डोक्याने ठणठणीत, कुणाच्या दडपणाला किंवा सुनांच्या गोड चहाला बळी न पडता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिताना दोन्ही चिरंजीव समोर बसले होते, म्हणजे मी शुद्धीवर होतो पण मोकळा नव्हतो.

कलम १. राहतं घर थोरला (शाळेचा मुख्याध्यापक) आणि धाकटा (बस चालवतो) यांना समाईक, निम्मं-निम्मं. दोघांनी वेगवेगळं येऊन मला सांगितलं आहे, "बाबा, मधे भिंत घाला, त्याच्याशी माझं जमायचं नाही." भांडण कशाचं, तर दारावरच्या पाटीवर नाव कुणाचं वर! एक म्हणतो मी आधी जन्मलो, दुसरा म्हणतो छप्पर गळत होतं तेव्हा वर कोण चढलं? पाटीविना दार बोडकं आहे आणि पोस्टमन माझ्या नावाने हाका मारतो.

कलम २. नातीचे दोन गिनीपिग. ती शिकायला गेली आणि हे माझ्या गळ्यात पडले. दोघेही नर. नावं ठेवताना घोळ झाला, जाड्याला साहेब म्हटलं आणि बारक्याला शिपाई. प्रत्यक्षात शिपाई गुरगुरत, ढुंगण हलवत पिंजऱ्यात फेऱ्या मारतो आणि साहेबाच्या पाठीवर चढतो. साहेब दात कडकडा वाजवतो आणि मग गप्प बाजूला होतो. शेजारचे घड्याळवाले म्हणाले, "एका म्यानात दोन तलवारी राहतात होय?" मी म्हटलं, म्यानाचं मला माहीत नाही, पिंजरा मी बनवलाय. तरी घाबरलो आणि मधे फळी ठोकली.

सकाळी बघतो तर दोघे दोन्हीकडून फळीला चिकटून बसलेले, गवताला तोंड लावलेलं नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, हे भांडण नाही, मोठा कोण ते ठरवणं चाललंय. रक्त निघालं तरच वेगळं करा. एकदा तोडलेत तर पुन्हा जुळवताना नाकी नऊ येतील." फळी त्याच दिवशी उपटली.

म्हणून आज्ञा अशी. वाट्या दोन ठेवाव्यात. लपायच्या खोक्यांना दोन-दोन दारं असावीत, म्हणजे कोपऱ्यात कुणी कोंडला जात नाही. तिसरा नर आणू नये, मादी तर मुळीच नाही. दात वाजले म्हणून धावत सुटू नये. हे कलम दोन पायांच्या प्राण्यांनाही लागू आहे. स्वयंपाकघरं दोन करा, जिने दोन करा, माझी हरकत नाही. पण साहेब-शिपायातला एक जरी जिवंत असेतो घर विकायचं नाही, आणि मधे भिंत घालायची नाही. हे प्राणी पाच-सात वर्षं जगतात. तोवर तुम्हाला एकमेकांची सवय होईल, किंवा निदान दमाल तरी.

कलम ३. बँकेतली शिल्लक आधी गवताला, मग डॉक्टरीणबाईंना, उरली तर मुलांना.

कलम ४. करवती, पटाशा आणि चांगले रंधे नातीला. मुलांना खिळा सरळ ठोकता येत नाही, भिंत कुठून घालणार! मोठा रंधा मेहुण्याला. तो त्याच्याकडेच आहे, मागून नेला तो बोथट करून ठेवलाय. आता रीतसर त्याचा झाला. माझ्या जिवाला तेवढीच शांतता.

कलम ५. ती उपटलेली फळी मी वाया घालवली नाही. रंधा मारून, पॉलिश करून तिची पाटी केली आहे. कपाटामागे आहे. माझ्यामागे दारावर तीच लावावी. वरच्या ओळीत 'साहेब', खालच्या ओळीत 'शिपाई', दुसरं काही नाही. पोस्टमन विचारीलच, "यातले साहेब कोण?" तेव्हा एकमेकांकडे बघून तुम्हा दोघांना एकदम हसू आलं, तर माझी इस्टेट पोचली असं समजेन.

ठिकाण: याच घराची मागची खोली, पिंजऱ्याशेजारी.
दिनांक: ४ डिसेंबर, खोकला कमी असताना.

सही: सुतार, अद्याप घरमालक

साक्षीदार:
१. जनावरांच्या डॉक्टरीणबाई. (लिहून देणारे शुद्धीवर आहेत. अशी खात्री मी एरवी माणसांबद्दल देत नाही.)
२. शेजारचे घड्याळवाले. (म्यानाबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो.)